अंगठा उमटला का?

चपलांची ओळ दिसली की समजायचं, आज पैसे पडलेत. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातलं हे गाव. किराणा दुकानाला लागून दहा बाय दहाची खोली, तिच्यापुढे बायकांनी नंबराला आपापल्या चपला लावलेल्या आणि स्वतः लिंबाच्या सावलीत टेकलेल्या. खोली म्हणजे बँकेचं ग्राहक सेवा केंद्र. ते चालवणाऱ्या पोराला गाव ‘बँकवाला’ म्हणतं. टेबलावर लॅपटॉप, पावती काढायचं छोटं यंत्र आणि मुठीत मावेल एवढं अंगठ्याचं मशीन. तीन वेगवेगळ्या हप्त्यांच्या वेळी मी इथे दिवसभर बसून राहिले.

“मेसेज आला का मावशी?” बँकवाला विचारतो.

“मोबाइल मालकाकडं. जावेच्या खात्यावर पडले म्हणं, म्हून आले.”

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४च्या जूनअखेरीस जाहीर झाली. वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महिन्याला १,५०० रुपये. पहिले दोन हप्ते, म्हणजे ३,००० रुपये, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या तोंडावर पडले. या रकमेवर तेव्हापासून पुष्कळ बोललं गेलंय. मुंबईहून निघालेला पैसा या बायकांच्या मुठीत नेमका येतो कसा, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

पैसा खाते क्रमांकावर येत नाही, आधार क्रमांकावर येतो. आधारला शेवटी जे खातं जोडलं गेलं, त्यात जाऊन पडतो. आता एकेका बाईची खाती किती? एक जनधनचं, एक बचत गटाच्या वेळी काढलेलं, एक गावात छत्रीखाली टेबल टाकून बसलेल्या कुणीतरी अंगठा घेऊन उघडून दिलेलं. पैसे असतात तिसऱ्यात आणि बाई पहिल्याचं पासबुक पदराखाली धरून तालुक्याला खेपा घालते. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, पण बुडालेला रोज कोण देणार? बँकवाल्याचं निम्मं काम हे हरवलेलं खातं शोधून देण्याचंच आहे.

खातं सापडलं की अंगठा. पस्तिशीची एक बाई पुढे आली. उजवा अंगठा ठेवला. लाल दिवा लागला, यंत्रानं नाही म्हटलं. डावा ठेवला, तोही नाही. तर्जनीच्या पेरावर आडवा जुना वण होता, कोयत्याचा. बँकवाल्यानं ओलं फडकं दिलं, बोटं पुसायला लावली. मग म्हणाला, “डोक्यावरनं फिरवा बोट, तेल लागू द्या.” तिनं भांगावरून बोट फिरवलं आणि पुन्हा ठेवलं. मी तिच्या हाताकडे बघत होते. पंधरा हंगाम उसाचं पाचट सोललेला, राखेनं भांडी घासलेला हात. बोटांवरच्या रेषा झिजून पार गुळगुळीत झालेल्या. बाहेरून कुणीतरी ओरडून विचारलं, “उमटला का गं?” आठव्या खेपेला उमटला. पावती सरकत बाहेर आली. ती तिनं वाचली नाही, चार घड्या करून चोळीत ठेवली.

पुढे दोनदा मी तिच्या घरी गेले. नवरा-बायको दोघंही ऊसतोडीला जातात. इकडे अशा जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. ऊस दोघं तोडतात, मोळ्या ती बांधते, पहाटे ट्रक भरायला डोक्यावर मोळी घेऊन फळीवर तीच चढते. पण हंगामाआधी मजूर नेणारा मुकादम आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, मोजतो ती नवऱ्याच्या हातावर. उचल फिटली की नाही याचा हिशेबही त्याच्याशीच. इतकी वर्षं राबलेल्या या बाईच्या नावावर आलेला पहिला पैसा म्हणजे लाडक्या बहिणीचा हप्ता.

२०२४च्या ऑक्टोबरपर्यंत पाच हप्ते मिळून ७,५०० रुपये जमले. तिनं दोन पाठी घेतल्या, शेळीच्या. नवरा म्हणत होता, मोटरसायकलचं काम करून घेऊ. तिनं ऐकलं नाही. “माझ्या नावाचे होते ना,” एवढंच सांगून ती पाणी आणायला आत गेली. हंगामात पाठी सासूनं सांभाळल्या, आता दोन्ही व्याल्यात.

त्या हंगामात कोल्हापूरकडे फडावर असताना धाकटीला ताप भरला. एरवी अशा वेळी मुकादमाकडून खर्ची घ्यायची आणि ती उचलीवर चढायची. यावेळी ती जवळच्या बाजाराच्या गावात गेली, तिथल्या केंद्रावर अंगठा दिला, हजार रुपये काढले आणि डॉक्टरकडे गेली. हे सांगताना “मुकादमाकडं जायला लागलं न्हाई” हे वाक्य ती तीनदा म्हणाली. या योजनेनं काय बदललं असं मला कुणी विचारलं, तर मी हेच वाक्य सांगेन.

कोयता सुटलेला नाही, हेही सांगायलाच हवं. तीनशे रुपये रोज धरला तर १,५०० म्हणजे पाच दिवसांची खुरपणी. लाखभराची उचल त्यानं फिटत नाही आणि दसऱ्यानंतर बिऱ्हाड उचलावंच लागतं. पण पैसे घरी आले म्हणून बाया आळशी झाल्या, असं जे पारावर बोललं जातं ते मला तरी दिसलं नाही. या रांगेतल्या बहुतेक जणी खुरपं बरोबर घेऊन आल्या होत्या, इथून थेट रानात जायला. पैशाचं पुढे काय होतं तेही मी पाहिलं: किराण्याची उधारी, सासूच्या बीपीच्या गोळ्या, पोरीचा गणवेश, गटाचा हप्ता.

२०२५च्या सप्टेंबरपासून योजनेसाठी ई-केवायसी सुरू झाली. त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही पडताळायचं होतं, ओटीपी त्यांच्याही मोबाइलवर. नियम करणाऱ्यांचा हेतू अपात्र नावं गाळण्याचा होता, ते रास्तच आहे. पण जो पैसा फक्त तिच्या नावाचा म्हणून मोलाचा होता, त्याच्यासाठी तिला पुन्हा नवऱ्याकडे हात पसरावा लागला. रांगेतली एक विधवा बाई मला म्हणाली, “मालक जाऊन नऊ वर्सं झाली. बापबी न्हाई. आता कुणाचा आणू?” मला उत्तर देता आलं नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. हप्ता कधी महिन्याच्या सुरुवातीला पडतो, कधी अखेरीला, कधी पुढच्या महिन्यात जातो. छोट्या कर्जाची वसुली करणारा माणूस मात्र दर बुधवारी अकराच्या ठोक्याला गावात हजर असतो. दोन-तीनशे कमी पडले म्हणून बाई शेजारणीकडे उसनं मागते आणि तिसऱ्या दिवशी हप्ता पडतो. तारीख माहीत असती, तर उसनं मागायची वेळच आली नसती. पगारदार माणसाला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून सरकारकडे मागणं दोनच गोष्टींचं आहे. हप्त्याची एक तारीख ठरवा आणि ती पाळा. आणि झिजलेल्या बोटांच्या बाईला आठ वेळा अंगठा टेकवायला न लावता पैसे मिळतील अशी सोय प्रत्येक केंद्रावर करा. वाचकांपैकी ज्यांचं घर अजून गावाकडे आहे, त्यांनी पुढच्या खेपेला एक काम करावं. घरी कामाला येणाऱ्या, शेजारी राहणाऱ्या बाईला विचारावं, मावशी, तुमचे पैसे नेमक्या कुठल्या खात्यात पडतात? माहीत नसेल, तर सोबत जाऊन शोधून द्यावं. अर्ध्या तासाचं काम आहे.