सॅटेलाइट इंटरनेटचा स्पीड, दुकानदाराच्या हिशोबात



मुरबाड-शहापूरच्या आतल्या भागात नर्सरी किंवा फार्मस्टे टाकायचं म्हटलं, की नेटचा प्रश्न येतोच. केबल पोचत नाही, मोबाइलची रेंज येते-जाते. मग सॅटेलाइटचा प्लॅन समोर येतो आणि त्यावर ठळक लिहिलेलं असतं, ‘इतके एमबीपीएस’. पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा.

१. माल किती जाईल?
एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. आपले फोटो मात्र एमबीत, म्हणजे मेगाबाइटमध्ये मोजतात. १ बाइट म्हणजे ८ बिट. प्रत्येकी ३ एमबीचे २०० प्रॉडक्ट फोटो म्हणजे ६०० एमबी, म्हणजेच ४,८०० मेगाबिट. अपलोड १० एमबीपीएस असेल तर ८ मिनिटं, २ असेल तर ४० मिनिटं! जाहिरातीतला मोठा आकडा बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो. तुम्ही अपलोडचा विचारा.

२. वाटेकरी किती?
इस्रोचा जीसॅट-११ डिसेंबर २०१८ मध्ये अवकाशात गेला. त्याची क्षमता १६ जीबीपीएस, म्हणजे १६,००० एमबीपीएस. ऐकायला प्रचंड वाटतं ना? पण ती सगळ्यांची मिळून आहे. १६,००० जण एकाच वेळी वापरू लागले, तर वाट्याला सरासरी १ एमबीपीएस. म्हणून ‘गर्दीच्या वेळी कमीत कमी किती मिळेल?’ हे लेखी घ्या.

३. पोचायला वेळ किती?
कल्याणहून १५ डब्यांची लोकल सुटली, तर १२ डब्यांच्या लोकलपेक्षा जास्त माणसं नेते. पण म्हणून सीएसएमटी लवकर येत नाही. एमबीपीएस म्हणजे डबे, प्रवासाचा वेळ वेगळा. जीसॅट-११ सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहे. सिग्नल वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर परत यायला आणखी पाव. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे तिथे हा वेळ बराच कमी. कार्ड मशीनवर पैसे घ्यायला अर्धा सेकंद चालून जातो. व्हिडिओ कॉलवर मात्र ग्राहक आणि तुम्ही एकमेकांचं बोलणं तोडत राहता.

आता कागद घ्या. रोज किती एमबी पाठवायचे ते लिहा, ८ ने गुणा आणि अपलोडच्या एमबीपीएसने भागा. येतील ते सेकंद. ते तुमच्या धंद्याला परवडत असतील, तरच प्लॅन घ्या.