सल्ल्याचे मोल: 28 टक्के

माणसे कशी सांभाळावीत, या एकाच विषयावर एका संस्थापकाने दुसऱ्याला सल्ला दिला, तर ऐकणाऱ्याच्या कंपनीत किती फरक पडेल? संशोधक ॲरन चॅटर्जी, रेम्ब्रँड कोनिंग आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या वेगाने वाढणाऱ्या 100 टेक स्टार्टअपवर हे तपासले. निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. कोणाला कोणाचा सल्ला मिळणार, हे नशिबावर सोडले होते. सल्ला देणाऱ्यांपैकी काही जण शिस्तीचे होते: ठरलेल्या बैठका, प्रत्येकाला आखून दिलेले उद्दिष्ट, कामाबद्दल वरचेवर अभिप्राय. बाकीच्यांचा कारभार ‘बघू, जमेल तसे’ या धर्तीचा. दोन वर्षांनी शिस्तीच्या माणसाचे ऐकलेल्यांच्या कंपन्या दुसऱ्या गटापेक्षा 28 टक्क्यांनी मोठ्या झाल्या होत्या आणि त्या बंद पडण्याचे प्रमाण शंभरामागे दहाने कमी होते. एमबीए केलेल्या किंवा ॲक्सिलरेटरमधून आलेल्या संस्थापकांवर मात्र हा परिणाम दिसला नाही.

म्हणजे फरक पडला तो बैठकीच्या वेळापत्रकाने. मेंटॉरिंग म्हटले की आपल्याला स्फूर्तिदायक भाषण आठवते. आकडे वेगळेच सांगतात.

‘वेगळा विचार करा’ या उपदेशाचीही अशीच परीक्षा झाली आहे. इटलीतल्या 116 स्टार्टअपचे दोन गट करून दोघांनाही उद्योजकतेचे प्रशिक्षण दिले गेले. एका गटाला जादा सवय लावली ती शास्त्रज्ञाची: आपली कल्पना म्हणजे एक गृहीतक, ते स्पष्ट मांडा, ग्राहकांकडे जाऊन तपासा, पुरावा विरोधात गेला तर मान्य करा. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्या गटाची कामगिरी सरस ठरली आणि त्यातल्या अधिक जणांनी मूळ कल्पना बदलली. पुढे अशा प्रयोगांतल्या मिळून 759 कंपन्या तपासल्या, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. असे संस्थापक न चालणारी कल्पना गुंडाळतात जास्त, आणि दिशा बदलतात ती मोजक्या वेळा. अडूनही बसत नाहीत, सारखे भरकटतही नाहीत. ‘हे बंद कर’ हे ऐकवणारा मेंटॉरही कामाचाच, एवढा त्याचा अर्थ.

तिसरा आकडा केनियातला, आणि तो स्टार्टअपचा नाही. नैरोबीच्या झोपडवस्तीत छोटा धंदा करणाऱ्या नवख्या स्त्रियांपैकी काहींना आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या अभ्यासक्रमात बसवले, तर काहींना त्याच वस्तीतली अनुभवी व्यावसायिक स्त्री मार्गदर्शक म्हणून जोडून दिली. वर्गात शिकलेल्यांच्या काही पद्धती बदलल्या, पण नफा हलला नाही. मार्गदर्शक मिळालेल्यांचा नफा सरासरी 20 टक्क्यांनी वाढला. कारण अगदी साधे: माल कोणाकडे स्वस्त मिळतो, हे मार्गदर्शक स्त्रीला ठाऊक होते. भेटीगाठी थांबत गेल्या तसा फायदाही ओसरत गेला.

सरकारदरबारी मान्यता मिळालेल्या भारतीय स्टार्टअपची संख्या 2024 अखेर दीड लाखावर गेली होती आणि त्यात महाराष्ट्राचा क्रमांक पहिला. एवढ्या संस्थापकांना नामवंत मेंटॉर पुरणार नाहीत. वरच्या आकड्यांनुसार त्यांची फारशी गरजही नाही. दोन पावले पुढे असलेला, स्वतःची कंपनी नीट चालवणारा, त्याच बाजारातला माणूस अधिक उपयोगी पडतो.

ध्येयाचेही तेच. शेतीच्या स्टार्टअपमध्ये ‘शेतकऱ्याचे उत्पन्न वाढवायचे’ हे वाक्य भिंतीवर लावून नेतृत्व होत नाही. विक्री सांभाळणाऱ्या मुलीला या आठवड्यात किती शेतकऱ्यांशी बोलायचे ते माहीत हवे, आणि शुक्रवारी तिला कोणीतरी विचारायला हवे, ‘काय कळले?’ तेव्हा मेंटॉर निवडताना त्याच्या कंपनीचे मूल्यांकन विचारण्याआधी एवढे विचारावे: तुमच्याकडे बैठक कोणत्या वारी असते, आणि शेवटची कोणती कल्पना तुम्ही पुरावा पाहून सोडून दिलीत?