चित्राभोंवतीचें पांढरें

आमच्या इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांनीं गेल्या वर्षीं संगणकावर एक खेळ रचिला. मागें माहुली, भंडारगड व पळसगड ही डोंगराची रांग, पुढें भाताचीं खाचरें, आणि बांधावरून चालणारा एक पांढरा बैल. कळ दाबली कीं बैलानें पुढें सरकावें, एवढाच तो खेळ. त्याकरितां स्क्रॅच नांवाचें जें साधन योजिलें तें सन २००७ मध्यें प्रसिद्ध झालें असून त्यांत तयार चित्रें पुष्कळ मिळतात. परंतु ज्या मुलाकडे बैल काढण्याचें काम होतें, त्याच्या घरचा बैल मागील उन्हाळ्यांत विकला गेला होता, व त्याला तोच बैल हवा होता. त्यानें तो आठवणीनें पांढऱ्या कागदावर काढिला; काळ्या रेषेनें आकृति, शिंगांस गेरूचा रंग, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी छटा. चित्र खरोखरच उत्तम उतरलें होतें.

त्याचें छायाचित्र घेऊन तें खेळांत घातलें तेव्हां सर्वांचा विरस झाला. बैलाबरोबर त्याच्या भोंवतींचा पांढरा चौकोनहि चालूं लागला, आणि तो जेथें जेथें जाई तेथें तेथें माहुलीचे सुळके झांकून टाकी. बैल कसला, पाटी चालली आहे असें दिसे! ही पाटी कशी काढावी, व काढतांना आमच्या हातून काय चूक घडली, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक जुनी गोष्ट सांगूं. ती आमच्याच लोहमार्गावरील आहे. आसनगांवाहून मुंबईच्या बाजूस जातांना जें कल्याण लागतें, तेथें महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं सन १८९२ मध्यें आपल्या मुलांच्या साहाय्यानें ‘शांबरिक खरोलिका’ नांवाचा खेळ सुरू केला. कांचेवर रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या प्रकाशानें पडद्यावर पाडावयाचीं, असा तो जादूच्या दिव्याचा प्रकार होता. जादूच्या दिव्याचे कारागीर एक युक्ति फार पूर्वींपासून जाणत असत. एका दिव्यानें देखावा पाडला असतां त्यावर दुसऱ्या दिव्यानें नुसती आकृति पाडावयाची असेल, तर त्या दुसऱ्या कांचेवर आकृतीच्या भोंवतीं दाट काळा रंग लावीत. काळ्यांतून प्रकाश जात नाहीं; म्हणून पडद्यावर तेथें कांहींच पडत नाहीं, व खालचा देखावा जसाच्या तसा राहतो. अर्थात् दिव्याच्या खेळांत काळें म्हणजे ‘कांहीं नाहीं’ असें समजावें.

संगणकास मात्र काळें हाहि एक रंग व पांढरें हाहि एक रंग. चित्र म्हणजे त्याच्या दृष्टीनें बारीक चौकोनी ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्यास तांबडा, हिरवा व निळा यांचे तीन अंक असतात, आणि प्रत्येक अंक ० पासून २५५ पर्यंत असूं शकतो. तिन्ही २५५ असले म्हणजे पांढरें. तेव्हां कोरा कागद आपणांस ‘कांहीं नाहीं’ असा वाटला तरी संगणक तो इमानानें रंगवितो. ‘येथें कांहीं नाहीं’ हें सांगण्यास चौथा अंक लागतो. त्यास आल्फा म्हणतात. ही कल्पना अमेरिकेंत एड कॅटमल व आल्वी रे स्मिथ यांनीं १९७० नंतरच्या दशकांत काढिली. आल्फा २५५ असेल तर ठिपका पूर्ण दिसतो, ० असेल तर मुळींच दिसत नाहीं, आणि मधल्या अंकांनीं तो विरळ धुक्यासारखा अर्धामुर्धा दिसतो.

आतां आमची चूक. मुलांस आम्हीं सांगितलें कीं, गिंप या मोफत मिळणाऱ्या चित्रसाधनांत रंगावरून निवड करण्याचें जें हत्यार आहे तें घ्या, पांढऱ्यावर टेंका, आणि निवडलेलें पुसून टाका. पहिल्या खेपेस कांहींच झालें नाहीं. चित्रास चौथा अंक जोडलेलाच नव्हता, म्हणून पांढरें पुसून त्या जागीं संगणकानें पुन्हां पांढरेंच भरलें! थराच्या यादींतून आल्फा जोडण्याची आज्ञा दिल्यावर पुन्हां पुसलें. पाटी गेली, पण तिच्याबरोबर बैलहि गेला. राहिलीं तीं तांबडीं शिंगें, डोळे व काळी रेषा, आणि पोटांतून पलीकडचें खाचर दिसूं लागलें. तो मुलगा हळूच म्हणाला, “सर, माझा बैल कोठें गेला?” कागदाचें पांढरें व बैलाचें पांढरें यांत भेद आहे हें आम्हांस दिसत होतें, संगणकास दोहोंचे अंक सारखे, त्यास तो भेद कोठून कळणार? आम्हीं तो विचार आधींच करावयास हवा होता.

उपाय दोन आहेत. पहिला असा कीं, चित्रांतील सर्व पांढरें न निवडतां बाहेरच्या कोपऱ्यापासून सलग पसरलेलें तेवढेंच निवडावें. त्याकरितां निराळें हत्यार असतें. निवड ठिपक्यावरून ठिपक्यावर पसरत जाते व काळी रेषा लागली कीं थांबते. परंतु रेषा अखंड पाहिजे. बांधास खेंकड्यानें भोंक पाडलें असतां खाचराचें पाणी जसें निघून जातें, तसें रेषेंत केंसाएवढी फट राहिली तरी निवड आंत शिरते. आमच्या बैलाच्या वशिंडापाशीं अशी एक फट होती. ती बुजवावी लागली. शिवाय चार पायांच्या मधली जागा व शेपटीच्या वळशांतील जागा बाहेरच्या पांढऱ्यास जोडलेली नसते. ती वेगळी टेंकून निवडावी लागते. पुष्कळजण हें विसरतात.

दुसरा उपाय म्हणजे चित्रांत जो रंग मुळींच नाहीं अशा रंगाच्या कागदावर तें काढणें. वारली चित्रांत गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या आकृति असतात, म्हणून आम्हांस प्रथम गेरूचाच रंग सुचला. पण शिंगें गेरूनें रंगविलेलीं! अखेर निळी कार्डशीट घेतली. जुन्या संगणक-खेळांचे कर्ते याच कारणास्तव भडक जांभळट गुलाबी रंग योजीत. त्याचे अंक २५५, ०, २५५. तसा रंग बैलांत काय किंवा माणसांत काय, सहसा सांपडत नाहीं. कागदाचें छायाचित्र उन्हांत घेऊं नये. ओसरीच्या सावलींत घ्यावें, नाहीं तर एकच निळा ठिकठिकाणीं वेगळा उमटतो.

यावरहि कडेला एक फिकट किनार राहते. रेषेच्या कडेवरील ठिपके अर्धे रेषेचे व अर्धे कागदाचे असतात. ते ठेवले तर आकृतीस झालर लागते. सरसकट कापले तर कड जिन्याच्या पायऱ्यांसारखी होते. निवड एक-दोन ठिपके आंत वाढवावी व कड किंचित् मऊ करावी, म्हणजे त्या ठिपक्यांस मधला आल्फा मिळून तंटा मिटतो.

चित्र सांठवितांना जेपेग या पद्धतीनें सांठवूं नये. तींत आल्फास जागाच नाहीं. केलेलें सर्व श्रम वायां जाऊन पाटी परत येते. शिवाय ती पद्धति जागा वांचविण्यासाठीं कडेजवळचे रंग गढूळ करिते. सन १९८९ मधील जिफच्या आवृत्तींत एक रंग अदृश्य ठरवितां येतो, पण अर्धवट कांहीं नाहीं. सन १९९६ मध्यें निश्चित झालेली पीएनजी ही पद्धति या कामास योग्य होय. तयार चित्र उघडल्यावर मागें राखाडी-पांढऱ्या चौकटी दिसतात, त्या ‘येथें कांहीं नाहीं’ याची खूण असतात. एका विद्यार्थ्यानें इंटरनेटवरून घेतलेल्या झाडाच्या चित्रांत त्या चौकटीच रंगविलेल्या निघाल्या, व झाड बुद्धिबळाचा पट घेऊन उभें राहिलें! तेव्हां खूण पाहून विश्वासूं नये. चित्रामागें एखादा गडद रंग घालून पाहावें.

निळ्या कागदावर दुसऱ्यांदा काढिलेला बैल पाटीवांचून बांधावर आला. मुलें टाळ्या वाजवूं लागलीं. पण काढणाऱ्याचें समाधान झालें नाहीं. बैल अधांतरीं दिसतो, असें तो म्हणाला, आणि तें खरें होतें. त्याची सांवली कागदाबरोबर पुसली गेली होती. मग त्यानें पायांखालीं काळ्या रंगाचा एक लांबट डाग काढून त्याचा आल्फा ८५ ठेविला. ८५ म्हणजे २५५ चा तिसरा हिस्सा. म्हणून खालच्या गवताच्या रंगाचे दोन हिस्से दिसत राहतात, आणि ज्या ठिपक्यांत हिरव्याचा अंक १५० असेल तेथें तो १०० होतो. डागाखालून गवत दिसूं लागलें, आणि बैलाचे पाय जमिनीला लागले.