उजवा हात वर करा

अमेरिकेत पासपोर्ट काढताना घरी पोलीस येत नाहीत, हे कऱ्हाडला माहेरी सांगितलं की कुणाचा विश्वास बसत नाही. शेजारीपाजारी चौकशी नाही, चौकीत फेरी नाही, चहापाण्याचा तर विषयच नाही. "मग माणूस खरा की खोटा हे बघतं कोण?" माझ्या थोरल्या भावाने विचारलं होतं. मी म्हटलं, "दादा, मी बघते."

मी इंडियाना राज्यातल्या कोलंबसला राहते. ओहायोतलं मोठं कोलंबस वेगळं, आमचं जेमतेम पन्नास हजार वस्तीचं. कमिन्स ही इंजिनं बनवणारी कंपनी १९१९ साली इथे सुरू झाली आणि मुख्यालय अजूनही इथेच आहे. १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स निघाली, तेव्हापासून कोथरूड आणि कोलंबस यांच्यात माणसांची ये-जा चालू आहे. माझे यजमान त्याच वाटेने आले. मुलं कॉलेजला गेली, घर रिकामं झालं, तेव्हा मी शेजारच्या कौंटीतल्या एका लहान गावच्या पोस्टात नोकरी धरली. तिकिटं, पार्सलं, मनीऑर्डरी, आणि ठरवून दिलेल्या वेळांना पासपोर्टचे अर्ज. हे शेवटचं काम करायला अमेरिकन नागरिक असावं लागतं आणि प्रशिक्षणाची उजळणी दरवर्षी करावी लागते.

पोस्टात पासपोर्ट मिळत नाही, अर्ज स्वीकारला जातो. देशभर अशी साडेसात हजारांच्या आसपास ठिकाणं आहेत: पोस्टं, कौंटी क्लर्कच्या कचेऱ्या, कुठे कुठे सार्वजनिक वाचनालयंसुद्धा. मंजुरी द्यायची की नाही ते परराष्ट्र खातं ठरवतं. समोर उभा असलेला माणूस, त्याच्या ओळखपत्रावरचा माणूस आणि अर्जावरच्या फोटोतला माणूस एकच आहे ना, एवढं मी डोळ्यांनी बघायचं, कागद तपासायचे, शपथ द्यायची आणि सगळं पाकिटात घालून फिलाडेल्फियाला रवाना करायचं.

पहिल्यांदा पासपोर्ट काढणाऱ्यांचा फॉर्म म्हणजे डीएस-११. त्यावर सही घरी करायची नाही, माझ्यासमोर करायची. फॉर्मवर तसं छापलेलं आहे, तरीही आपली मंडळी सही करूनच येतात. मराठी माणूस कागदपत्रांत कमी पडत नाही. फाइल जाडजूड, प्लास्टिकचे कप्पे, लग्नपत्रिकेची प्रतसुद्धा कुणी मागेल म्हणून आणलेली. आणि फॉर्मच्या तळाशी काळ्या शाईत सुबक, वाळलेली सही. मग मी कोरा फॉर्म पुढे सरकवते. घोटीव अक्षरात पुन्हा सगळं लिहिताना त्यांचा चेहरा बघवत नाही.

सहीच्या आधी शपथ. "उजवा हात वर करा." अर्जात लिहिलं ते खरं आहे आणि फोटो माझाच आहे, एवढाच तिचा मतलब. मक्याची शेती करणारे आजोबा हात वर करण्याआधी टोपी काढतात, हायस्कूलची पोरं फिदीफिदी हसतात. आपल्याकडची नव्याने नागरिक झालेली वडीलधारी मंडळी कधी डावा हात वर करतात, कधी दोन्ही. ही शपथ मला सुरुवातीला नाटकी वाटायची. आता वाटत नाही. घरी येऊन खातरजमा करणारा पोलीस या व्यवस्थेत नाही. त्याची जागा या शपथेने घेतली आहे, आणि खोटं बोललात तर तो केंद्रीय कायद्याखालचा गुन्हा आहे.

पोलिसाऐवजी कधी कधी शेजारी येतो. एखाद्याकडे चालेल असं ओळखपत्रच नसेल, तर तो साक्षीदार आणू शकतो. साक्षीदाराने त्या माणसाला निदान दोन वर्षं ओळखलेलं असावं आणि स्वतःचं धड ओळखपत्र दाखवावं. तोही माझ्यासमोर शपथेवर सही करतो. लहान गावात हे सोपं जातं. चर्चमधला मित्र येतो, गॅरेजचा मालक येतो, एकदा तर सासूबाई आल्या आणि जावयाविषयी शपथेवर बोलताना जरा थबकल्या.

जन्मदाखल्याचं प्रकरण याहून रंगतदार. घरीच जन्मलेल्या, कुठेही नोंद न झालेल्या म्हाताऱ्यांना आधी राज्याकडून 'नोंद सापडत नाही' असं पत्र आणावं लागतं. मग लहानपणीचे जे काही कागद सापडतील ते जोडायचे: बाप्तिस्म्याचा दाखला, जुनी जनगणना, शाळेची नोंद, एवढंच काय, घरच्या बायबलच्या पानावर बापाने लिहून ठेवलेल्या जन्मतारखासुद्धा. एक आजी नातीबरोबर क्रूझवर जायची म्हणून तसलं बायबल कापडात गुंडाळून घेऊन आल्या होत्या. मला आमच्याकडची १ जूनची पिढी आठवली. गुरुजींनी शाळेत नाव घालताना सरसकट १ जून लिहिली, आणि ती तारीख माणसाच्या मागे व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र असं करत माझ्या काउंटरपर्यंत येते. एका सकाळी लागोपाठ दोन मराठी आजोबा १ जूनचे निघाले, तेव्हा शेजारच्या खिडकीवरच्या बाईने मला डोळे बारीक करून विचारलं, तुमच्याकडे त्या दिवशी काय असतं? मी म्हटलं, शाळा सुरू व्हायची असते.

पण माझा जास्तीत जास्त वेळ घेतात ती तान्ही बाळं. इथे आलेली तरुण जोडपी एच-वन व्हिसावर असतात. त्यांचे स्वतःचे पासपोर्ट भारतीय, तेव्हा ते काम शिकागोच्या भारतीय वकिलातीकडचं, माझा संबंध नाही. बाळ मात्र इथे जन्मलेलं. त्याच्याकडे इथला जन्मदाखला असतो आणि पुण्याला आजी-आजोबा बारशाची तारीख काढून बसलेले असतात.

इथे पहिली अडचण म्हणजे दवाखान्यातून मिळालेला, बाळाच्या इवल्याशा पावलांचे ठसे असलेला सुंदर कागद. तो फ्रेम करून भिंतीवर लावायचा. पासपोर्टला चालतो तो नोंदणी कार्यालयाचा, सरकारी शिक्क्याचा, आई-बापांची नावं असलेला दाखला.

दुसरी अडचण मोठी. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या अर्जाला आई आणि वडील दोघंही हजर लागतात. "काकू, हे कंपनीच्या कामाला पुण्याला गेलेत, मी एकटी आले तर?" असा फोन महिन्यातून कधीतरी येतोच. मग न आलेल्या पालकाने डीएस-३०५३ हा संमतीचा फॉर्म नोटरीसमोर सही करून द्यावा लागतो, सोबत त्याच्या ओळखपत्राच्या दोन्ही बाजूंची प्रत, आणि तो फॉर्म तीन महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. म्हणून मी सांगते, नवरा विमानात बसायच्या आधी त्याला बँकेत न्या. बहुतेक बँकांत नोटरी असतो, खातेदाराला अनेकदा पैसेही पडत नाहीत.

हा नियम लोकांना जाच वाटतो. तो आला आहे मोडलेल्या संसारांतून. एका पालकाने दुसऱ्याला न सांगता मूल परदेशी न्यावं आणि परत आणूच नये, अशा घटना वाढल्या, म्हणून २००१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी आणि पुढे सोळा वर्षांपर्यंत दोघांची संमती सक्तीची झाली. घटस्फोटितांना कोर्टाचा हुकूम दाखवावा लागतो. तो वाचताना समोरच्या बाईकडे मी बघत नाही. छोट्या गावात तिच्या नवऱ्याचं पार्सलही मीच दिलेलं असतं.

आणि फोटो. दोन इंच बाय दोन इंच, मागे पांढरं, चष्मा नको (२०१६च्या नोव्हेंबरपासून तो बंद झाला). पोस्टात फोटो काढायचे पंधरा डॉलर. तान्ह्या बाळाला पांढऱ्या चादरीवर उताणं निजवायचं, वरून फोटो घ्यायचा, धरणाऱ्याचा हात दिसता कामा नये. आपल्या बाळांच्या गालावर काजळाची तीट असते. ती पुसा म्हटलं की व्हिडिओ कॉलवरची आजी नाशिकहून ओरडते, "अहो, दृष्ट लागेल पोराला!" फोटोपुरती पुसा आणि लगेच परत लावा, असा तोडगा मी काढला आहे. आजींना तो अर्धाच पटतो.

पैशांचं एकदाच सांगते. मोठ्या माणसाचे १३० डॉलर, मुलाचे १००, हे परराष्ट्र खात्याच्या नावाने, चेक किंवा मनीऑर्डरनेच. स्वीकारण्याचे ३५ वेगळे, ते पोस्टाला. घाई असेल तर वर ६०. क्रेडिट कार्ड काढून उभे राहणाऱ्यांना मी मनीऑर्डरच्या खिडकीकडे पाठवते.

मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षं चालतो, मुलांचा पाचच, आणि त्याचं नूतनीकरण होत नाही: पुन्हा डीएस-११, पुन्हा दोघं आई-बाप. उलट मोठ्यांनी नूतनीकरणासाठी माझ्याकडे यायचीच गरज नसते. जुना पासपोर्ट सोळाव्या वर्षानंतर काढलेला, पंधरा वर्षांच्या आतला, न फाटलेला असेल तर डीएस-८२ भरून टपालाने पाठवा, ३५ डॉलर वाचतील. सप्टेंबर २०२४ पासून पंचवीस वर्षांवरच्यांसाठी ऑनलाइन सोयही खुली झाली. फक्त अर्ज दाखल झाला की हातातला जुना पासपोर्ट रद्द होतो. पुढच्या आठवड्यात विमानात बसणार असाल तर त्या बटणाला हात लावू नका.

अर्ज नाकारला गेला तर पत्र खात्याकडून येतं, पण राग काढायला माणूस माझ्याकडेच येतो. मुलांच्या पोटगीची अडीच हजार डॉलरपेक्षा जास्त थकबाकी असेल तर पासपोर्ट मिळत नाही. मच्छीमारीसाठी कॅनडाला निघालेले दोन-तीन बाप्ये तावातावाने आलेले मी पाहिलेत. मला मनातून बरं वाटतं, चेहऱ्यावर दाखवत नाही.

२०२३ साली साध्या अर्जाला दहा ते तेरा आठवडे लागत होते. आता तेवढे लागत नाहीत, पण टपालाचे दिवस वेगळे धरावेत. पासपोर्ट आधी येतो आणि मूळ जन्मदाखला मागाहून दुसऱ्या पाकिटातून. हे सांगूनही "काकू, दाखला हरवला" असे फोन येतातच.

निळी पुस्तिका हातात आली म्हणजे पुण्याचं तिकीट काढता येतं, हा शेवटचा गैरसमज. बाळ भारताच्या दृष्टीने परदेशी आहे. त्याला भारतीय व्हिसा हवा नाहीतर ओसीआय कार्ड, आणि त्यांचा अर्ज पासपोर्ट आल्यावरच करता येतो. म्हणजे वेळ दोनदा मोजायचा. बाळ दोन महिन्यांचं झालं की पासपोर्टचं बघा, असं मी ओळखीच्या प्रत्येक जोडप्याला सांगते. जायचं ठरलेलं नसलं तरी.

कारण घरून रात्री-अपरात्री फोन येतात. वडील अतिदक्षता विभागात आहेत, लगेच निघा. अशा वेळी माझं काउंटर उपयोगाचं नाही. जवळच्या नात्यातला माणूस परदेशात गंभीर आजारी असेल किंवा गेला असेल आणि दोन आठवड्यांच्या आत निघायचं असेल, तर खात्याला फोन करून पासपोर्ट एजन्सीची वेळ मिळवावी लागते. शिकागोला एजन्सी आहे, आमच्यापासून गाडीने चारेक तास. दोघं पालक, बाळ, जन्मदाखला, फोटो, सही न केलेला डीएस-११, सगळं बरोबर न्यायचं. भारतीय वकिलातही शिकागोतच, तेव्हा तातडीच्या व्हिसासाठी त्यांनाही निघण्याआधीच गाठून ठेवायचं. आणि तिकडच्या भावाला सांगायचं, की दवाखान्याचं पत्र लेटरहेडवर, डॉक्टरांच्या सहीनिशी आणि इंग्रजीत घे. मराठीत आलं तर भाषांतर करून देणारा रात्री शोधत बसावा लागतो.