घराचा दलाल पास की नापास?

जागा घ्यायची असं घरात नुसतं बोलणं निघालं की चार दिवसांत दलाल दारात हजर होतो. त्याला आमंत्रण लागत नाही. वाण्याकडून कळतं, इस्त्रीवाल्याकडून कळतं, कधी आपल्याच पतिराजांनी ऑफिसात वाच्यता केलेली असते. आल्या आल्या तो 'वहिनी' म्हणतो, चहा घेतो, धाकट्याला कितवीत आहेस म्हणून विचारतो आणि पिशवीतून रंगीत नकाशा काढून टीपॉयवर पसरतो. पुढच्या अर्ध्या तासात आपण त्याला सगळं सांगून बसतो. हातात किती आहेत, बँक किती देईल, प्रॉव्हिडंट फंडातून किती निघतील, आणि वेळ आलीच तर पाटल्या मोडायची तयारी आहे का, तेसुद्धा! आणि आपण त्याला काय विचारतो? फार फार तर, "तुमचं ऑफिस कुठे हो?"

गंमत पाहा. औषधाच्या दुकानात फार्मासिस्टचा परवाना भिंतीवर टांगलेला असतो. रिक्षावाल्याला बॅज लागतो. शंभर-दोनशे रुपये हप्त्याची पॉलिसी विकणाऱ्या विमा एजंटालाही परीक्षा द्यावी लागते. पण ज्याच्या शब्दावर आपण आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा करतो, त्या जागेच्या दलालाला वर्षानुवर्षं ना परवाना लागत होता, ना शिक्षण. एक फोन आणि गोड जीभ, एवढ्या भांडवलावर हा धंदा चाले.

आता तसं राहिलेलं नाही, आणि ही गोष्ट अजून कितीतरी घरांत माहीत नाही, म्हणून आजचा हा लेख.

केंद्र सरकारने २०१६ साली स्थावर संपदेचा कायदा केला. 'रेरा' म्हणतात तो हाच. त्याची मुख्य कलमं १ मे २०१७ पासून लागू झाली आणि आपल्या राज्यात 'महारेरा' हे प्राधिकरण आलं. बिल्डरला आपली इमारत तिथे नोंदवावी लागते, हे आता बऱ्याच जणींना ठाऊक असतं. पण त्याच कायद्याचं नववं कलम दलालासाठी आहे. नोंदणी झालेल्या प्रकल्पातला ब्लॉक विकून द्यायचा असेल तर दलालाचीही नोंदणी हवी. एकट्या माणसाला त्यासाठी १० हजार रुपये फी, कंपनी किंवा भागीदारी असेल तर १ लाख. ही नोंदणी ५ वर्षं चालते, नंतर तिचं नूतनीकरण करावं लागतं. आणि जो नंबर मिळतो तो त्याने प्रत्येक सौद्यात नमूद करायचा असतो, ही त्याची मर्जी नव्हे, कायद्याची अट आहे.

पण नोंदणी म्हणजे शिक्षण नव्हे. फी भरली, कागद दिले, नंबर मिळाला. चटईक्षेत्र म्हणजे काय हे त्याला कळतं की नाही, हे कोण बघणार? म्हणून जानेवारी २०२३ मध्ये महारेराने आणखी एक पाऊल टाकलं. दलालांनी २० तासांचं प्रशिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची आणि प्रमाणपत्र मिळवायचं. बँकांच्या भरतीच्या परीक्षा घेणारी जी संस्था आहे, आयबीपीएस, तिच्याकडेच ही परीक्षा सोपवली. प्रश्न ५०, प्रत्येकी २ गुण, पास व्हायला ४० गुण पुरेत. परीक्षा मराठीतूनही देता येते. पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली, चारशेहून अधिक जण बसले आणि त्यातले बहुतेक सगळे पास झाले. जुन्या दलालांना १ जानेवारी २०२४ पर्यंत मुदत दिली होती. ज्यांनी ती पाळली नाही, अशा सुमारे वीस हजार जणांची नोंदणी २०२४ च्या मध्याला एका वर्षासाठी स्थगित करण्यात आली. वीस हजार! म्हणजे 'वहिनी, आपल्या घरचंच समजा' म्हणत फिरणाऱ्यांमध्ये किती जण त्या वेळी विनापरवाना होते, त्याचा अंदाज तुम्हीच करा.

आता ४० गुणांचं एवढं काय कौतुक, असं कुणी म्हणेल. खरंय. ५० पैकी २० प्रश्न बरोबर आले की पास. आपल्या मुलाने एवढे गुण आणले तर आपण पेढे वाटणार नाही. ज्यांची मुलं-सुना अमेरिकेत आहेत त्यांनी विचारून पाहावं. कॅलिफोर्नियात १९१९ पासून दलालाला लायसन लागतं. तिथे विक्रेता म्हणून परीक्षेला बसण्याआधीच तीन विषयांचे मिळून १३५ तास शिकावं लागतं. टेक्ससमध्ये तर १८० तास. त्यांच्यापुढे आपले २० तास म्हणजे चार-पाच दिवसांची शाळा. तरी मी याला हसणार नाही. काहीच नव्हतं तिथे काहीतरी आलं. आणि मुख्य म्हणजे, प्रमाणपत्र आल्यामुळे आपल्याला विचारायला एक प्रश्न मिळाला, आणि 'मला माहीत नव्हतं' ही दलालाची जुनी सबब गेली.

एक गोष्ट मात्र कुठलीही परीक्षा बदलू शकत नाही. नव्या इमारतीतला ब्लॉक विकला की दलालाला पैसे देतो बिल्डर. मग तो कितीही आपल्या सोफ्यावर बसून आपला चहा पिऊ दे, माणूस कुणाचा? काही तर बिल्डरकडूनही घेतात आणि आपल्याकडेही हात पसरतात. "तुम्हाला बिल्डर किती देणार आहे, आणि आम्ही काही द्यायचं आहे का?" हे पहिल्याच दिवशी, संकोच न करता विचारावं. दलाली किती असावी हे रेराने ठरवून दिलेलं नाही, त्यामुळे जे ठरेल ते कागदावर घ्यावं.

आमच्या परिचयातल्या एका बाईंचं सांगते. डोंबिवलीला राहतात, शिवणाचे क्लास घेतात. दलालाने त्यांना नवीन इमारतीतला ब्लॉक दाखवला. ७०० फूट, ४८ लाख. बाईंनी टेप मागितली, कारण कापड मोजायची सवय! प्रत्यक्षात चटईक्षेत्र भरलं ४५२ फूट. "वहिनी, जिना, लिफ्ट, पॅसेज धरून सगळीकडे असंच सांगतात," दलाल म्हणाला. सगळीकडे सांगत असतीलही, पण रेराप्रमाणे ब्लॉक चटईक्षेत्रावरच विकायचा असतो. चटईक्षेत्र म्हणजे आपल्या वापराची फरशी. आतल्या भिंती त्यात धरतात, बाहेरच्या भिंती आणि आपली स्वतःची बाल्कनी धरत नाहीत. जिना आणि पॅसेज तर नाहीच नाही. २० तासांच्या शाळेत हे पहिल्या धड्यात शिकवायला हवं, आणि शिकूनही जो ७०० म्हणतो त्याला अज्ञानी म्हणता येत नाही.

त्याच दलालाची पुढची मागणी होती, "करारनाम्याआधी १२ लाख भरून टाका, म्हणजे हाच भाव राहील." बाईंच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने हिशेब केला. कायद्याने बिल्डरला नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ४८ लाखांचे १० टक्के म्हणजे ४ लाख ८० हजार. मग तिने मोबाईलवर महारेराचं संकेतस्थळ उघडलं आणि दलालाच्या कार्डावरचा नंबर घातला, तर नोंदणीची मुदत केव्हाच संपलेली! बिल्डरच्या ऑफिसात जाऊन चौकशी केली, तर त्यांच्या दलालांच्या यादीत याचं नावच नाही. ब्लॉक त्यांनी घेतला का? नाही घेतला. ४५२ फुटांत सासूबाईंची खाट आणि मुलीचं अभ्यासाचं टेबल एकाच खोलीत येत होतं.

नंबर पाहणं काही अवघड नाही. दलालाचा नंबर इंग्रजी 'ए' अक्षराने सुरू होतो, इमारतीचा 'पी' ने. दोन्ही मागून घ्यावेत, आणि दोन्ही संकेतस्थळावर ताडून पाहावेत. कार्डावर नंबर छापलेला आहे एवढ्यावर समाधान मानू नये, कारण छापणारा प्रेसवाला काही तपासत नाही. नोंदणी चालू आहे का, कधीपर्यंत आहे, नाव तेच आहे का, हे बघावं. प्रमाणपत्र वेगळं मागावं. १ ऑगस्ट २०२३ पासून नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीवर चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोडही सक्तीचा आहे. मोबाईल त्यावर धरला की इमारतीची माहिती समोर येते. मुलं हे क्षणात करून देतात, त्यांना सांगावं.

दलालाकडून कागद मागायला कुणी लाजू नये. बुकिंगच्या वेळी ग्राहकाला मिळायला हवेत ते सगळे कागद आणि माहिती मिळवून देणं हे दलालाचं कर्तव्य आहे, असं दहावं कलम स्पष्ट सांगतं. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातला ब्लॉक विकायला हातभार लावणं त्याला मना आहे. खोटी मंजुरी सांगणं, न मिळणाऱ्या सोयींची जाहिरात करू देणं, हेही मना आहे. पोहण्याचा तलाव चित्रात आणि पाण्याचा टँकर दारात, अशी तऱ्हा असेल तर दलालही त्यात गुंततो.

आता आपल्या खास फायद्याची गोष्ट. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत मिळते. ५० लाखांच्या ब्लॉकवर ५० हजार रुपये वाचतात, म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा आणि कपाटं निघाली! पण घर फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावावर हवं. नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर ही सवलत मिळत नाही. पूर्वी अशी अटही होती की ते घर १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही. ती २०२३ मध्ये काढून टाकली. तरीही काही दलाल अजून ती जुनी अट सांगून "कशाला भानगड, साहेबांच्या नावावरच करू" म्हणतात. जो हे बरोबर सांगेल तो खरा पास झालेला दलाल समजावा. सवलत घ्यायची की दोघांची नावं लावायची, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या घरचा. माझं स्वतःचं मत विचाराल तर ५० हजारांसाठी नव्हे, पण छपरावर आपलं नाव असावं म्हणून तरी बाईने करारनाम्यात नाव लावून घ्यावंच.

या सगळ्याला एक मोठी फट आहे, तीही सांगायला हवी. रेराची ही नोंदणी लागते ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पातल्या विक्रीसाठी. जुन्या सोसायटीतला ब्लॉक तुम्ही एखाद्या कुटुंबाकडून घेत असाल, तर मधल्या दलालाला नंबर नसला तरी तो कायदा मोडत नाही. भाड्याच्या जागेचंही तेच. आणि शहरांत निम्मे व्यवहार तर याच प्रकारचे! तिथे आपणच डोळ्यांत तेल घालून बघायचं. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कुणाच्या नावावर आहे, सोसायटीची बाकी किती, ना हरकत दाखला मिळतो का, मूळ करारनामा घरात आहे की कर्जापोटी बँकेत अडकला आहे. 'झेरॉक्स चालेल' म्हणणाऱ्या दलालाला मूळ कागद दाखवायला सांगावं. भाड्याने जागा देत असाल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे, भाडेकरूवर किंवा दलालावर नाही, हे मालकिणींनी लक्षात ठेवावं.

नव्या इमारतीच्या व्यवहारात दलालाने फसवलंच, तर रडत बसायचं कारण नाही. महारेराकडे तक्रार करता येते, तिची फी ५ हजार रुपये. नोंदणीशिवाय धंदा करणाऱ्या दलालाला दर दिवसाला १० हजार रुपये दंड होऊ शकतो आणि तो ब्लॉकच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत चढत जातो. ५० लाखांच्या ब्लॉकवर अडीच लाख. नोंदणी असलेल्याने गैरवागणूक केली तर त्याची नोंदणीही रद्द होऊ शकते. पण तक्रारीला पुरावा लागतो. म्हणून दलालाने पाठवलेले निरोप, दराचा कागद, जाहिरातीचं पत्रक, टोकन दिल्याची पावती, सगळं एका फायलीत लावून ठेवावं. पैसे चेकने किंवा बँकेतून द्यावेत. रोख देऊन पावती 'उद्या देतो' म्हटलं तर पैसेही उद्याच द्यावेत.