विश्लेषण : शस्त्रक्रियेत पित्तनलिका ‘उजळते’ कशी?

पित्ताशय काढताना मोठा धोका असतो तो मुख्य पित्तनलिका चुकून कापली जाण्याचा. सूज आणि चरबीमुळे ती ओळखणे अवघड होते. अशा वेळी ‘इंडोसायनिन ग्रीन’ हा रंग उपयोगी पडतो. अमेरिकेत त्याला १९५९ मध्येच मान्यता मिळाली होती.

रंग काय करतो?
शस्त्रक्रियेआधी तो शिरेतून देतात. यकृत तो रक्तातून उचलून पित्तात सोडते. त्यावर सुमारे ८०० नॅनोमीटरचा निकट-अवरक्त प्रकाश टाकला, की तो स्वतः किंचित जास्त तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतो. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. विशेष कॅमेरा तो टिपतो आणि पडद्यावर नलिका उजळलेली दिसते.

हाच प्रकाश का?
दृश्य प्रकाशाचा बराच भाग रक्तातील हिमोग्लोबिन शोषते, तर जास्त तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश पाणी शोषते. मधला, साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरचा पट्टा त्यामानाने खोल पोहोचतो.

मर्यादा कोणती?
‘खोल’ म्हणजे जेमतेम सेंटिमीटरभर. जाड चरबीखालची नलिका तरीही लपू शकते. त्यामुळे पडद्यावर नलिका दिसली नाही, म्हणजे ती तिथे नाहीच, असे सर्जनला मानता येत नाही.