दर्पणातील समाज आणि दर्पणाबाहेरचा समाज

दरवर्षी ६ जानेवारीस महाराष्ट्रात पत्रकार दिन साजरा होतो. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. या निमित्ताने होणाऱ्या भाषणांतून ‘वृत्तपत्र हा समाजाचा आरसा होय’ हे विधान हमखास ऐकावयास मिळते. आणि पहिल्या मराठी वृत्तपत्राचे नावच ‘दर्पण’ असल्यामुळे ते आपोआप सिद्ध झाल्यासारखेही वाटते. परंतु जुन्या वृत्तपत्रांच्या आधारे गतकालीन समाजाचा अभ्यास करू पाहणाऱ्यास हे विधान जितके आकर्षक तितकेच फसवे ठरते.

‘दर्पण’चेच उदाहरण घ्यावे. त्याच्या पानावर एका स्तंभात मराठी व दुसऱ्यात इंग्रजी मजकूर असे. हे पत्र कोणाशी बोलू इच्छीत होते, ते या मांडणीवरूनच कळते. नव्याने इंग्रजी शिकलेला एतद्देशीय वर्ग आणि त्या वर्गाचे मनोगत जाणू इच्छिणारे राज्यकर्ते हे त्याचे वाचक होते. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी, १९०१ च्या जनगणनेत, हिंदुस्थानातील साक्षरांचे प्रमाण शेकडा साडेपाचाच्याही आत भरले. स्त्रियांत तर ते हजारी सुमारे सहा होते. एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे अशी रीत होती हे खरे. तरीही लिहिणारे, छापणारे आणि वर्गणी भरणारे मूठभरच होते. तेव्हा जुने वृत्तपत्र हा समाजाचा आरसा नसून समाजातील एका पक्षाने दिलेली साक्ष आहे, असे मानणे अधिक योग्य. साक्ष मोलाची असतेच. पण ती उलटतपासणीवाचून ग्राह्य धरता येत नाही.

एकाच साक्षीवर निकाल नको

रखमाबाईंचा खटला या दृष्टीने उद्बोधक आहे. अजाणपणी झालेला विवाह मान्य करून पतीकडे नांदावयास जाण्यास त्यांनी नकार दिला आणि दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू महिला’ या टोपणनावाने बालविवाह आणि वैधव्य यांविषयीची पत्रे प्रसिद्ध झाली. ती रखमाबाईंचीच होती. त्याच वर्षी न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला. पुढे तो फिरला आणि १८८७ मध्ये पतीकडे जा, अन्यथा सहा महिने कारावास भोगा, असा हुकूम झाला. ‘मराठा’ व ‘केसरी’ या पत्रांतून टिळकांनी रखमाबाईंच्या भूमिकेवर कठोर टीका केली.

आता केवळ ‘केसरी’चे अंक चाळणाऱ्या विद्यार्थ्यास वाटेल की सारा महाराष्ट्र रखमाबाईंच्या विरोधात उभा होता. केवळ ‘टाइम्स’ वाचणाऱ्यास वाटेल की सुधारणेची पहाट झालीच होती. दोन्ही अनुमाने चुकीची. किंबहुना एका पत्राच्या कचेरीतही एकमत नसे. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर १८८७ मध्ये त्या पत्रातून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढले, यामागे सामाजिक प्रश्नांवरील हाच मतभेद होता. म्हणून एखाद्या प्रश्नाचा अभ्यास करताना परस्परविरोधी दोन पत्रे तरी समोर ठेवावीत, हा पहिला नियम होय.

कोणाचे जपले, कोणाचे हरवले

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. ज्याची साक्षच शिल्लक नाही त्याचे काय? कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ काढले. १८८० पासून ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतून चालविले. सत्यशोधक चळवळीचे हे मुखपत्र गिरणी कामगारांचेही मुखपत्र बनले. १८८४ मध्ये लोखंडे यांच्या पुढाकाराने कामगारांच्या सभा भरल्या आणि आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली. आज रविवारी घरी बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येक नोकरदाराचा या इतिहासाशी संबंध आहे. परंतु ‘दीनबंधु’चे जुने अंक आज फारच थोडे उपलब्ध आहेत. ज्यांच्या वाड्यांत कपाटे होती आणि ज्यांच्या संस्थांना ग्रंथालये होती, त्यांची पत्रे बांधून ठेवली गेली. चाळीतील खोलीत ती सोय नव्हती.

या पत्रातील मजकूर अभ्यासकांना बऱ्याच अंशी सापडतो तो एका अनपेक्षित ठिकाणी. देशी पत्रांत काय छापून येते यावर मुंबई सरकारची करडी नजर असे. त्यासाठी सरकारी भाषांतरकार दर आठवड्यास निवडक मजकुराचा इंग्रजी सारांश काढून गोपनीय अहवाल तयार करीत. समाजाने जे जपले नाही ते पाळत ठेवणाऱ्या सरकारच्या दप्तरात राहिले, हा इतिहासातील एक विलक्षण योग म्हणावा लागेल. मात्र येथेही सावधगिरी हवी. भाषांतरकाराने उचलला तो सरकारला चिंता वाटावी असा मजकूर. बाजारभाव, जाहिराती, लग्नकार्याच्या चर्चा त्याने बहुधा वगळल्या. त्या अहवालांतून महाराष्ट्र दिसतो खरा, परंतु तो सरकारच्या धास्तीने पाहिलेला महाराष्ट्र असतो.

‘मूकनायक’ची कथा याच जातीची. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे पाक्षिक सुरू केले, तेव्हा पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला. म्हणजे त्या वर्षीच्या ‘केसरी’त ‘मूकनायक’चा शोध घेणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही आणि ते काही न लागणे हाच सर्वांत बोलका पुरावा ठरेल. ‘मूकनायक’ आणि १९२७ मध्ये निघालेले ‘बहिष्कृत भारत’ यांतील उपलब्ध मजकूर महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, म्हणून आज तो महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या हाती येऊ शकतो. इतर कित्येक लहान पत्रांच्या वाट्याला हे भाग्य आलेले नाही.

अग्रलेखापलीकडचे पान

अभ्यासकांचा ओढा स्वाभाविकपणे अग्रलेखांकडे असतो. वस्तुतः सामान्य माणसाचे जीवन पाहावयाचे तर जाहिराती, बाजारभाव आणि वाचकांचा पत्रव्यवहार यांकडे वळावे. १९२० मध्ये सुरू झालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे प्रथमतः कारखान्याचे पत्र होते. नांगर बनविणाऱ्या कारखान्यातून मराठी मध्यमवर्गाचे एक प्रमुख मासिक निघावे आणि पुढे १९३० मध्ये त्याच संस्थेने ‘स्त्री’ काढावे, या घटनेत त्या काळातील उद्योग, शिक्षण आणि कुटुंब यांच्या परस्परसंबंधांचा एक अख्खा अध्याय दडलेला आहे. परंतु जाहिरातीवरून विक्रेत्याला काय विकावयाचे होते एवढेच कळते, लोकांनी काय विकत घेतले ते कळत नाही. बाजारभावाच्या स्तंभात पेठेतील ठोक दर असतो. खेड्यातील मजुराने उधारीवर घेतलेल्या ज्वारीसाठी काय मोजले, ते त्यात नसते.

तशीच गोष्ट मौनाची. संपादक गप्प का, हे समजण्यासाठी त्या काळचा कायदा ठाऊक असावा लागतो. १८७८ चा देशी भाषांतील वृत्तपत्रांविषयीचा कायदा १८८२ मध्ये रद्द झाला, तरी राजद्रोहाचे कलम कायम होते आणि १८९७ मध्ये त्याखाली टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्यानंतरच्या अंकांतील प्रत्येक शब्द या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. स्वातंत्र्योत्तर काळातही जून १९७५ पासूनच्या आणीबाणीतील अंक सेन्सॉरशिपचे भान न ठेवता वाचल्यास देशात फक्त शिस्त आणि वक्तशीरपणा नांदत होता, असा समज होईल.

रद्दीत जाण्यापूर्वी

आज अनेक जुनी पत्रे संगणकाच्या पडद्यावर दिसू लागली आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट होय. तथापि त्यातून एक नवा धोका संभवतो. शब्द टाकून शोध घेतला की हवा तो उतारा मिळतो. त्याच्या शेजारी काय छापले होते याकडे लक्ष जात नाही. जुन्या देवनागरी खिळ्यांची अक्षरे यंत्राला नीट वाचता येत नाहीत आणि न सापडलेला शब्द त्या काळी नव्हताच असा निष्कर्ष काढला जातो. शिवाय जे कधी जपलेच गेले नाही ते पडद्यावरही येत नाही. त्यामुळे जुनी विषमता नव्या साधनातही तशीच उतरते.

दरम्यान मूळ कागद झिजत आहे. लाकडाच्या लगद्यापासून बनविलेल्या स्वस्त कागदात आम्लता असते. तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. तालुक्याची साप्ताहिके, कामगार संघटनांची पत्रके, शिक्षकांच्या संघांची मासिके यांची काळजी तर कोणीच घेत नाही. जागा नाही म्हणून ग्रंथालयेसुद्धा ती रद्दीत घालतात. मोठ्या दैनिकांचे अंक कोठेतरी राहतीलच, या लहान पत्रांची मात्र दुसरी प्रत नसते. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या जिल्ह्यातील एका तरी लहान पत्राचे अंक मिळवून, क्रमवार लावून, त्यांची सूची करावयाचे ठरविले तर त्यास मोठे अनुदान लागणार नाही. एका शिक्षकाची चिकाटी आणि दहा-बारा विद्यार्थ्यांची एक सुटी पुरेल. विद्यार्थ्यांना त्यातून केवळ इतिहास कळेल असे नव्हे. छापलेल्या शब्दाला तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि त्यात कोणाला वगळले, हे विचारण्याची सवय त्यांना लागेल. आजचे वर्तमानपत्र हाती घेतानाही हीच सवय उपयोगी पडणार आहे.